वीस किलोमीटरचा रस्ता आणि साठ हजारांची चाकं

अकोल्याहून मंगरुळपीरच्या रस्त्याला लागलं की साधारण वीस किलोमीटरवर बार्शीटाकळी येतं. तोच रस्ता पुढे महानला, काटेपूर्णेच्या धरणाकडे जातो. या रस्त्यावर दोन तऱ्हेच्या सायकली दिसतात. एक काळी, जड, मागे दुधाची कॅन नाहीतर चाऱ्याचा भारा बांधलेली. दुसरी रंगीत, गिअरची, वर हेल्मेट घातलेला एखादा मास्तर किंवा बँकेतला माणूस. पहिल्या सायकलीचा मालक चेन तुटल्याशिवाय बदलत नाही. दुसरीच्या मालकाच्या मनात धडधाकट चेन बदलायचं घोळत असतं. हा लेख मुख्यतः दुसऱ्यासाठी आहे. पहिल्यासाठीही थोडं सांगायचं आहे, ते शेवटाकडे.

वीस-पंचवीस हजारांची गिअरची सायकल घेतली, वर्षभर चालवली, तब्येत सुधारली, की एक ठरावीक दुखणं सुरू होतं. कार्बनची चाकं, सिरॅमिकची बेअरिंगं, मागे बारा गिअरची कॅसेट, शे-दोनशे ग्रॅमनं हलकी सीटपोस्ट. प्रत्येक वस्तूवर एक आकडा छापलेला असतो: इतके ग्रॅम कमी, इतके वॉट वाचले. आकडा बहुतेक वेळा खोटा नसतो. पण तो कोणाच्या रस्त्यावरचा, कोणत्या वेगाचा, हे कोणी सांगत नाही. ते आपणच काढून पाहावं लागतं आणि त्याला लागणारं गणित शाळेतल्या विज्ञानापलीकडचं नाही.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचे दोन मोठे शत्रू असतात, वारा आणि रस्ता. वारा म्हणजे समोरची हवा बाजूला सारायला लागणारी ताकद. रस्ता म्हणजे टायर जमिनीवर दबतो, पुन्हा फुगतो आणि त्या दबण्या-फुगण्यात जी ताकद उष्णता होऊन वाया जाते ती. चढ आला की तिसरा शत्रू उभा राहतो, वजन. चेन, गिअर, बेअरिंग यांत होणारी घट या तिघांपुढे किरकोळ आहे, त्याकडे नंतर येऊ.

समजा बार्शीटाकळीचा एक माणूस रोज अकोल्याला सायकलनं जातो. माणूस, सायकल आणि डबा मिळून ९० किलो. सायकल जाड खाचांच्या टायरची, दुकानात जिला एमटीबी म्हणतात ती. हँडल उंच, अंग ताठ, वेग ताशी २० किलोमीटर. साध्या गृहीतकांनी हिशेब केला तर त्याच्या पायांतून साधारण १०७ वॉट खर्च होतात. त्यांतले ४८ वारा घेतो आणि जवळजवळ ५९ टायर खातात. निम्म्याहून जास्त ताकद त्या खाचांच्या रबरात जाते! चिखलातल्या पायवाटेसाठी बनवलेला टायर डांबरी रस्त्यावर चालवण्याचा हा दंड आहे. दुकानात मात्र अशा टायरची सायकल दिसायला दणकट म्हणून आधी विकली जाते.

आता त्याच सायकलीला गुळगुळीत, लवचीक, बऱ्यापैकी चांगले टायर बसवले आणि हवा नीट भरली, तर टायरचा वाटा अर्ध्यावर येतो. तेवढ्याच १०७ वॉटमध्ये वेग ताशी २३ च्या आसपास जातो. तासाभराचा रस्ता साडेबावन्न मिनिटांत होतो. दोन टायरांचा खर्च समजा अडीच हजार. रोज जाताना साडेसात मिनिटं वाचली, येताना तेवढीच.

हेच गणित, चांगले टायर आणि ताशी २० चा वेग धरून, महागड्या वस्तूंना लावून पाहा. सायकल एक किलोनं हलकी केली, तर याच सपाट रस्त्यावर वीस किलोमीटरमागे फार तर सात सेकंद वाचतात. एक किलो कमी करायला मात्र कार्बनचा फोर्क, हलकी चाकं, हलका क्रँक असं बरंच काही घ्यावं लागतं आणि खर्च टायरांच्या कितीतरी पट जातो. शिवाय उन्हाळ्यात या रस्त्यानं निघताना माणूस पाण्याच्या दोन बाटल्या लावतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हजारो रुपये देऊन वाचवलेलं वजन नळाखाली परत भरून घ्यायचं, असा तो व्यवहार.

उंच कड्यांच्या कार्बन चाकांची गोष्ट याहून मजेशीर आहे. जाहिरातीत समजा १० वॉट वाचतील असं लिहिलंय. बारीक अक्षरांत पाहिलं तर चाचणी ताशी ४५-४८ किलोमीटर वेगाला घेतलेली असते. वाऱ्याशी लढायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि वेग उतरला की तशीच कोसळते. ताशी ४८ ला वाचणारे १० वॉट ताशी २० ला पाऊण वॉटसुद्धा उरत नाहीत. वीस किलोमीटरमागे चौदा-पंधरा सेकंदांची बचत. चाकं समजा साठ हजारांची धरली तर वाचलेल्या एका मिनिटाचा भाव अडीच लाख रुपये पडला. टायरांत तेच मिनिट साडेतीनशे रुपयांच्या आत येतं.

आणि वारा कमी करायचाच असेल तर त्यातला तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग अडतो तो माणसाच्या अंगाला, सायकलीला नव्हे. कोपरं थोडी वाकवली, फडफडणारा शर्ट बदलून अंगाबरोबरचा घातला, तर उंच कड्यांच्या चाकांपेक्षा कितीतरी जास्त वॉट फुकटात वाचतात. वऱ्हाडच्या उन्हाचाही इथे एक फायदा आहे, फक्त तो घेण्याच्या परिस्थितीत कोणी नसतं. २० अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे आठ टक्क्यांनी विरळ असते, म्हणजे वाऱ्याचा अडथळाही तेवढा कमी.

चढाचं काय, असं लगेच विचारलं जाईल, कारण वजनाचं सगळं कौतुक चढासाठीच असतं. आपल्याकडे चढ म्हटलं की चिखलदरा. परतवाड्यापासून चिखलदऱ्यापर्यंत उंचीतला फरक सुमारे सातशे मीटर धरू. एक किलो वजन सातशे मीटर वर उचलायला जवळपास ६,९०० ज्यूल लागतात. बरा सराव असलेला माणूस १५० वॉटनं पायडल मारत असेल, तर त्याला या कामाला ४६ सेकंद लागतील. संपूर्ण चिखलदरा चढून एका किलोमागे पाऊण मिनिट! वर पोचल्यावर चहाच्या टपरीवर जो वेळ जातो त्यात ते हरवून जातं. तेच किलो स्वतःच्या पोटावरून उतरवलं तर हिशेब अगदी तोच येतो, पैसे मात्र वाचतात. चिखलदऱ्याच्या रस्त्यावर खरा पैसा लावायचा असेल तर तो उतरणीसाठी लावावा, म्हणजे ब्रेकवर. चांगल्या प्रतीचे ब्रेकचे गुटके आणि नवी केबल हा काही शे रुपयांचा खर्च आहे आणि त्याचा हिशेब मिनिटांत करायचाच नसतो.

आता चेन आणि गिअर. बहुतेक लोकांचे पैसे इथेच जातात. १९९९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलची चेन प्रयोगशाळेत चालवून किती ताकद वाया जाते ते मोजलं. चांगल्या परिस्थितीत चेनची कार्यक्षमता ९८.६ टक्क्यांपर्यंत निघाली. मोठ्या दातेरी चाकावर ती लहानापेक्षा जास्त भरली आणि चेन ताणलेली असताना सैल असतानापेक्षा जास्त. म्हणजे साधी, स्वच्छ, नीट बसलेली चेन शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग आधीच मागच्या चाकाला पोचवते आहे. उरलेल्या दोन-तीन भागांतून सिरॅमिकच्या बेअरिंगांनी आणि सोनेरी मुलाम्याच्या चेननं वाचवून वाचवणार किती? तेलाचा फरक त्या प्रयोगात फारसा दिसला नाही, पण तो प्रयोग स्वच्छ खोलीतला होता. आपल्या रस्त्यावरची धूळ चेनच्या कड्यांत शिरून कानशीसारखं काम करते, तेव्हा पुसणं आणि तेल देणं इथे चुकवू नये. फरक पडतो तो झिजेत.

मग शिमानोचा सर्वांत वरचा संच घेणारा माणूस पैसे कशाचे देतो? शोझाबुरो शिमानो यांनी १९२१ मध्ये जपानमधल्या साकाई शहरात कारखाना सुरू केला तेव्हा पहिलं उत्पादन होतं फ्रीव्हील. आज त्याच कंपनीच्या रोड सायकलींच्या संचांची उतरंड क्लॅरिसपासून सुरू होऊन सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा अशी ड्युरा-एसपर्यंत जाते. खालून वर जाताना गिअरची संख्या आठाची बारा होते, गिअर पडताना येणारा आवाज आणि झटका कमी होतो, धातू बदलतो, वजन उतरतं. बारा गिअरच्या इलेक्ट्रॉनिक १०५ आणि ड्युरा-एस या दोन संचांत वजनाचा फरक साधारण अर्ध्या किलोचा आहे. किमतीतला फरक मात्र दुपटीच्याही पुढे जातो. चिखलदऱ्याच्या गणितात तो अर्धा किलो म्हणजे तेवीस सेकंद. हात, बोटं, कान यांना जे सुख मिळतं ते खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण ते सुख आहे, वेग नाही, आणि ते वेगाच्या नावावर विकलं जातं.

खालच्या पायऱ्यांवर मात्र चित्र वेगळं असतं. टूर द फ्रान्स १९०३ मध्ये सुरू झाली, पण स्पर्धकांना डिरेलर, म्हणजे चेन सरकवून गिअर बदलणारा भाग, लावायची मुभा मिळाली १९३७ मध्ये. गिअर म्हणजे अशक्तांची सोय, असं त्या शर्यतीच्या जन्मदात्याचं मत होतं. गिअर नसलेल्या सायकलीवरून गिअरच्या सायकलीवर येणं ही मोठी उडी आहे, घाटातल्या गुडघ्यांना विचारा. अडखळणाऱ्या, सारख्या सेटिंगबाहेर जाणाऱ्या अगदी स्वस्त डिरेलरवरून एक पायरी वर जाणंही फायद्याचं ठरतं. आठावरून बारावर जाण्यात मिळतं काय, तर दोन गिअरमधलं अंतर थोडं बारीक होतं. आमच्या भागातल्या रस्त्यांना इतक्या बारीक पायऱ्यांची गरज मला तरी कधी भासली नाही.

शिवाय आठावरून बारावर जाताना एक पार्ट बदलून भागत नाही. बार्शीटाकळीच्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. गावावरून जाणारी अकोला-पूर्णा मीटरगेज रेल्वे २००८ मध्ये ब्रॉडगेज झाली तेव्हा नुसतं इंजिन बदलून गाडी धावली नव्हती, रूळ, पूल, फलाट सगळ्यालाच हात घालावा लागला होता. कॅसेट बदलली की चेन बदला, कारण नवी चेन अरुंद असते. चेन बदलली की मागचा डिरेलर, डिरेलर बदलला की हँडलवरचे शिफ्टर. स्वस्तातल्या बऱ्याच गिअर सायकलींना मागे आट्यांवर फिरवून बसवायचं सात गिअरचं फ्रीव्हील असतं. त्या हबवर कॅसेट चढतच नाही, म्हणजे हब किंवा पूर्ण चाकच नवं. सगळी बेरीज केली की नव्या सायकलीच्या किमतीच्या आसपास जाते. आणि सुटे पार्ट नेहमी महाग पडतात, कारण सायकल बनवणारा कारखाना तेच पार्ट हजारोंच्या संख्येनं घेतो आणि आपण एक घेतो. दोनपेक्षा जास्त मोठे पार्ट बदलायचे मनात असेल, तर जुनी सायकल विकून वरच्या श्रेणीची पूर्ण सायकल घेणं जवळपास नेहमीच स्वस्त पडतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तो फायदा दोन्हीकडे सारखाच मिळतो.

टायरांकडे परत येतो, कारण वऱ्हाडात सगळी गोष्ट तिथेच फिरते. १८८८ साली दोन घटना घडल्या. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचं दुकान काढलं, त्यातूनच पुढे किर्लोस्करांचा सगळा उद्योग उभा राहिला. त्याच वर्षी बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलप या जनावरांच्या डॉक्टरनं हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. मुलाची तीनचाकी फार दणके खाते म्हणून त्यानं रबराच्या नळीत हवा कोंडून ती चाकाला गुंडाळली होती. पुढच्याच वर्षी विली ह्यूम या सायकलपटूनं असे टायर लावून बेलफास्टच्या शर्यतींत बाजी मारली आणि भरीव रबराच्या टायरांचे दिवस भरले. डनलपचं पेटंट नंतर रद्द झालं, कारण रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसानं चाळीसएक वर्षं आधी तीच कल्पना नोंदवून ठेवली होती. सायकलीच्या इतिहासात पैशांची पुरेपूर वसुली झालेली सुधारणा कुठली, तर माझ्या मते हीच, आणि ती हवेची आहे.

आजही पार्ट बदलायला आलेल्या गिऱ्हाईकाला जुना मिस्त्री चाक दाबून पाहतो आणि म्हणतो, "भाऊ, आधी हवा त भरा, मंग पार्टाचं पाहू." त्याचं बरोबर असतं. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, ताकद खातो आणि खड्ड्यात रिमखाली ट्यूब चिमटून पंक्चर होते. पण हवा दगडासारखी ठासून भरणंही बरोबर नाही. पूर्वी शर्यतीतले लोक २३ मिलिमीटर रुंदीचे टायर कडक फुगवून चालवत. आता तेच लोक २८ मिलिमीटरचे टायर आणि कमी हवा वापरतात. खडबडीत रस्त्यावर कडक टायर सायकलीला आणि माणसाला वर उडवतो आणि त्या उडण्यात ताकद जाते, हे उशिरा का होईना लक्षात आलं.

आपल्या रस्त्यांना तर हे जास्तच लागू पडतं. आपली काळी कपाशीची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता कितीही चांगला केला तरी दोन-चार वर्षांत लाटा धरतो. त्यामुळे या भागात अरुंद चाकांची शर्यतीची सायकल घेणाऱ्यानं आधी तिच्या फ्रेममध्ये २८ किंवा ३२ मिलिमीटरचा टायर बसतो का ते पाहावं. बसत नसेल तर बाकीचे पार्ट कितीही भारी असोत, ती सायकल या रस्त्याची नाही.

दुसरा विषय काट्यांचा. बाभूळ आणि सराटा. सराट्याचा काटा कसाही पडला तरी एक टोक वर ठेवूनच पडतो आणि रस्त्याच्या कडेच्या मातीतून टायरात येतो. एका पंक्चरला रस्त्याच्या कडेला वीस मिनिटं तरी जातात. साठ हजारांच्या चाकांनी वीस किलोमीटरमागे वाचवलेले चौदा सेकंद आठवा. एक पंक्चर टळलं तर ऐंशीहून जास्त फेऱ्यांची ती बचत एका दमात भरून निघते. म्हणून पंक्चररोधक पट्टा असलेले टायर, श्वाल्बेच्या मॅरेथॉनसारखे, वजनाला जड आणि किमतीला जास्त असले तरी इथे वसूल होतात. शहरातल्या सल्ल्याच्या नेमकं उलट, इथे जड वस्तूला जास्त पैसे मोजावेत.

ट्यूबलेस टायरात ओतायचा चीक हाही काट्यांवर चांगला उपाय आहे. बारीक भोक तो आतून आपोआप बुजवतो. पण कोरड्या तापलेल्या हवेत तो लवकर सुकतो आणि अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो. बाटलीवर लिहिलेले महिने इथल्या उन्हाळ्याला धरून लिहिलेले नसतात. दर थोड्या दिवसांनी टायर उघडून पाहायची तयारी असेल तरच त्या वाटेला जावं.

सीटबद्दल लोक फार खर्च करतात आणि फार फसतात. जाड जेलची गादी पहिल्या पाच किलोमीटरला मऊ लागते आणि पंचवीसाव्याला छळते. सीट बदलण्याआधी तिची उंची पाहा. भिंतीला टेकून बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल सर्वांत खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे, कंबर मात्र एका बाजूला कलता कामा नये. आपल्याकडे निम्म्याहून अधिक लोक सीट खाली ठेवून चालवतात असं मला दिसतं, आणि मग गुडघे दुखले की गिअर बदलायचा विचार करतात. पाना फिरवायला पैसे लागत नाहीत. त्यानंतरही दुखत असेल तर बसण्याच्या हाडांच्या रुंदीला बेतलेली चांगली सीट जरूर घ्यावी. जमीन जिथे टेकते तिथले टायर, अंग जिथे टेकतं ती सीट, हँडलची पकड आणि पायडल, आणि जीव ज्यावर टांगलेला असतो ते ब्रेक. माझा पैशांचा क्रम हा असा आहे. बाकीचं झिजेल तेव्हा बदलावं, आणि बदलताना हवं तर एक पायरी वरचं घ्यावं.

महाग पार्ट ज्यांना खरोखर परवडतात असे लोकही आहेत, आणि परवडणं इथे खिशापुरतं नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस ॲक्रॉस अमेरिका ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्यानं पूर्ण केली. नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनीही त्याच वर्षी ती एकट्यानं पार केली. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात ती पूर्ण केली होती. एकट्या स्पर्धकाला मुदत असते १२ दिवसांची. समर्थांना लागले ११ दिवस २१ तास. म्हणजे हाताशी उरले जेमतेम तीन तास आणि १२ दिवसांचा एक टक्का म्हणजेही तीन तासच. अशा माणसासाठी एक टक्का देणारी वस्तू चैनीची नसते. वेगवान संघांचं गणित आणखी टोकाचं असतं. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं २००० सालापासून शर्यतीच्या सायकलीचं किमान वजन ६.८ किलो ठरवून दिलं, कारण तिथे हलकेपणाची चढाओढ हाताबाहेर जायला लागली होती.

पण लांब पल्ल्याच्या सगळ्याच सायकलींना हे लागू नाही. ठरावीक मुदतीत अंतर पूर्ण करायच्या ब्रेव्हे प्रकारात २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ६०० ला ४० तास. सरासरी ताशी १५ किलोमीटरच्या आसपास ठेवली की झालं. तिथे माणूस बाद होतो तो रात्री दोनला दिवा विझला, टायर चिरला, बूड सोलवटलं म्हणून. ब्रेव्हेची तयारी करणाऱ्यानं कार्बनच्या आधी चांगला दिवा, राखीव ट्यूब आणि ओळखीची सीट घ्यावी.

आता दुधाची कॅन लावलेल्या काळ्या सायकलीकडे. तिच्या मालकासाठी खरोखर उपयोगी सुधारणा काही शे रुपयांत होते. अशा सायकलीला पुढे ४४ दात आणि मागे १८ दात असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात ती साधारण साडेपाच मीटर जाते. मागचं फ्रीव्हील २२ दातांचं बसवलं तर ती साडेचार मीटर जाईल आणि भार ओढताना पायावरचा जोर सुमारे १८ टक्क्यांनी हलका होईल. सपाटीवर थोडा वेग जातो, पण मागे चाळीस लिटर दूध असताना वेगाची घाई कोणाला असते? चेनला एखादी कडी वाढवावी लागेल, तेवढंच. दुसरी गोष्ट ब्रेकची. लोखंडी, क्रोम चढवलेल्या रिमवर पाऊस पडला की साधे रबर जवळजवळ लागतच नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर नवे रबर बसवावेत, आणि तरीही पावसात थांबायला दुप्पट अंतर धरून चालावं. तिसरं म्हणजे वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंग. चाकांतले आणि क्रँकमधले छर्रे काढून, धुऊन, नवं ग्रीस. झिजलेले छर्रे बदलायला फार पैसे लागत नाहीत, न बदलले तर कोन आणि कप दोन्ही जातात. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना मिळालेल्या कितीतरी सायकली अशा छोट्या दुरुस्तीअभावीच अंगणात उभ्या राहतात. त्यांच्यासाठी नवी सायकल मागण्याआधी जुनीचे छर्रे पाहायला हवेत.

महागडा पार्ट घ्यायचा विचार पक्का झालाच असेल, तर त्याआधी घरात एक फूटपट्टी शोधा. नव्या चेनच्या चोवीस कड्या पिनेपासून पिनेपर्यंत बरोबर बारा इंच भरतात. तुमच्या चेनच्या चोवीस कड्या बारा इंचांपेक्षा एक सोळांश इंचानं जास्त भरल्या, तर आजच चेन बदला. एक अष्टमांश इंचानं जास्त भरल्या, तर तिनं कॅसेटचे दातही खाल्ले आहेत आणि आता दोन्हींचे पैसे द्यावे लागतील. मग टायरातली हवा, ब्रेकचे गुटके, सीटची उंची पाहा. हे सगळं ठीक असून हौस उरली असेल तर खुशाल घ्या, हौसेला हिशेब मागायचा नसतो. फक्त पैसे देण्याआधी दुकानदाराला एवढं विचारा, की हा पार्ट मोडला तर दुसरा अकोल्यात मिळेल का आणि तो बसवता येणारा माणूस बार्शीटाकळीत आहे का. दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर तो पार्ट या रस्त्यासाठी महागच आहे, किंमत काहीही असो.